गार्डन रीचमधला सातारा जिल्हा

दादाच्या गार्डन रीचच्या घरात रस्त्याकडची खिडकी दिवसासुद्धा पूर्ण उघडायची नाही, असा नियम होता. एक दार लोटलेलं, दुसऱ्याला आतून सुतळी बांधलेली, आणि मधल्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात आमचं सगळं चालायचं. त्या फटीतून मला समोरची शेवाळलेली गच्ची, एक वाकडा नारळ आणि त्याच्यामागे गोदीतल्या क्रेनचं टोक एवढंच दिसे. कलकत्ता म्हणून कितीतरी महिने मला एवढंच माहीत होतं. बाकीचं शहर मला कानांनी कळायचं. जहाजांचे भोंगे, हातरिक्षावाल्याच्या बोटातली घंटी, दिवेलागणीला घराघरांतून एकदम उठणारे शंख, आणि मग अंधार पडता पडता कुठेतरी लांब एक धप्प आवाज. तो आला की वहिनी आतल्या खोलीतून विचारायची, "टायर का ग?" मी म्हणायची, "टायरच असेल." टायर नाही हे दोघींनाही माहीत असायचं.

आई गेल्यावर दादाने मला वाईजवळच्या आमच्या गावाहून आपल्याकडे आणलं. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. गावात शाळा चौथीपर्यंत, म्हणून माझं शिक्षण चौथी. पुढे कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. बोलण्याचं मला लहानपणापासून भय. दूधवाला आला तरी मी दाराआडून पातेलं पुढे करायची. दादा रेल्वेच्या मोठ्या कचेरीत हिशेब खात्यात होता, खरगपूरहून नुकताच बदलून आलेला. वहिनी पुण्याची, बी.ए. झालेली. तिला दिवस होते आणि आधीचं एक दगावलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पाय खाली टाकायचा नाही असं बजावलं होतं. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून तिला मच्छरदाणीत झोपवून ठेवलेलं. त्यामुळे स्वयंपाक, आठ वर्षांचा नंदू आणि सहा वर्षांची शोभा हे सगळं माझ्याकडे आलं.

स्वयंपाक मला यायचा, पण तिथे तोही परका वाटायचा. शेंगदाण्याचं तेल मिळायचं नाही, मोहरीच्या तेलाचा वास लुगड्याला चिकटून राहायचा. ज्वारीची भाकरी विसरलेच होते. पडवळासारखी दिसणारी पण पडवळ नसलेली एक भाजी होती, पटोल म्हणायचे तिला, तिच्यात दाण्याचं कूट घातलं तर मुलं खायची. खालच्या मजल्यावर घोषमासीमा, म्हणजे घोषमावशी, राहायच्या, पांढरं पातळ नेसलेल्या विधवा बाई. आमचा बाजार त्याच आणायच्या. जिन्यातूनच हाक मारायच्या, "ओ मेये! दोरजा खोलो!" मी दार उघडलं की पिशवी माझ्या हातात देऊन माझी हनुवटी धरायच्या आणि काहीतरी विचारायच्या. मी हसायची. त्या मोडक्या हिंदीत म्हणायच्या, "तुम्हारा मुँह में जुबान है, ना बिल्ली ले गया?" आणि स्वतःच खळखळून हसत खाली जायच्या.

मुलांची शाळा आम्ही आल्यानंतर थोड्याच दिवसांत बंद पडली. कोणी म्हणे कचेरीला आग लावली, कोणी म्हणे हेडमास्तरांना धमकीची चिठ्ठी आली. दादाने एवढंच सांगितलं, की फाटकाला कुलूप आहे आणि आत पोलीस राहायला आलेत. त्या दिवसांत भिंती रात्रीतून काळ्या अक्षरांनी भरायच्या, दुसऱ्या दिवशी चुन्याने पुसल्या जायच्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भरायच्या. क्रांतीच्या नादाला लागलेली कोवळी पोरं पिशव्यांतून बॉम्ब घेऊन फिरायची. मासीमांचा भाचा एका संध्याकाळी घरी आला नाही. त्याबद्दल मासीमा पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

शाळा आठ दिवसांत उघडेल, महिन्यात उघडेल, दुर्गापूजेनंतर उघडेल, असं करता करता दादा थकला. एका रविवारी वहिनीच्या पलंगाशी मुलांच्या अभ्यासाची बैठक बसली. ती मला नीट आठवते, कारण मी दारातच मेथी निवडत बसले होते. ठरेल ते शिकवणार कोण, हे मला कळून चुकलं होतं.

पलंगावर पुस्तकांचे दोन ढीग होते. एक वहिनीने पार्क स्ट्रीटकडून मागवलेला, गुळगुळीत कागदाचा, इंग्रजी. त्यात घोडागाडी, बर्फ, तांबड्या गालांची मुलं. दुसरा वहिनीच्या भावाने साताऱ्याहून पार्सलने पाठवलेला. पहिलीचं आणि तिसरीचं मराठी, गणित, आणि तिसरीचा भूगोल. आपल्याकडे तिसरीच्या भूगोलात ज्याचा त्याचा जिल्हा असतो. मुलांचे हे मामा साताऱ्यात राहणारे, म्हणून त्यांनी हाताशी आलं ते, सातारा जिल्ह्याचं पुस्तक घातलेलं.

"इंग्रजी पक्कं झालं तर कुठल्याही गावी, कुठल्याही शाळेत घेतील," वहिनी म्हणाली.

दादा म्हणाला, "कुठल्याही गावी नाही, नागपूरला जायचंय आपल्याला. आंब्याच्या दिवसांत माझी बदली नक्की. तिथे मराठी शाळा. पोरं खरगपूरला राहून धड हिंदी बोलत नाहीत, धड मराठी बोलत नाहीत. काल नंदू मला म्हणाला, 'बाबा, मी पडून गेलो.' पडून गेलो!"

"मग नागपूरला नागपूर जिल्हा असेल की. हा सातारा काय करायचा?"

"जिल्हा कुठलाही असो, मराठी होईल."

"आणि इथे खाली राहतात ते बंगालीत बोलतात, त्याचं काय?"

"इथे किती दिवस राहायचंय?" दादाने खिडकीकडे बघून आवाज खाली केला. "इथलं काही शिकवायला नको. इथलं जेवढं कमी कळेल तेवढं बरं."

मग वहिनी मान वळवून मला म्हणाली, "तू सांग. शिकवणारी तू. तुला कुठली पुस्तकं जमतील?"

मला इंग्रजी अक्षरं वेगवेगळी ओळखू येत होती, पण जोडली की येत नव्हती. हे त्या दोघांना ठाऊक होतं, तरी तोंडाने सांगायचं मला मरण वाटलं. मी मेथीच्या काड्यांकडे बघत हळूच म्हटलं, "सातारा मला येतो."

दादा हसला. "झालं तर!" म्हणाला. इंग्रजी ढीग वहिनीच्या उशाशी गेला आणि मराठी ढीग स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळीच्या डब्यांशेजारी आला.

आज नात घरून काम करता करता मुलासाठी इंटरनेटवर कसले कसले अभ्यासक्रम शोधत असते, हा बरा की तो, आणि मला विचारते, "आजी, तुला काय वाटतं?" मला काहीच वाटत नाही. मला फक्त त्या रविवारची मेथी आठवते.

पण सातारा मला खरंच येत होता. चौथीपर्यंत जे काही शिकले त्यातलं तेवढंच मनात बसलेलं. माझ्या पायाखालची माती होती ती. बाराखडी आणि पाढे मी पुस्तकात बघून, अडखळत घ्यायची, आणि माझं चुकलं की आतून वहिनीचा आवाज यायचा, "साती नवे त्रेसष्ट, पासष्ट नाही!" मुलं फिदीफिदी हसायची, मी पदर तोंडाला लावायची. भूगोलाला मात्र मी उभी राहायची. स्वयंपाकघराच्या लाल फरशीवर रांगोळीने जिल्ह्याचा नकाशा काढायची. इकडे महाबळेश्वर, म्हणून तिथे पाटा उभा करायचा. तिथून कृष्णा निघाली, वाईवरून खाली. कोयना मागून डोंगराच्या पलीकडून आली. शोभा एका पायावर उड्या मारत तालुके घ्यायची, जावळी, पाटण, कऱ्हाड. माणदेशात पाणी नाही म्हणून तिथे दोघांनी घसा धरून खाली पडायचं, हा त्यांनीच काढलेला खेळ. वहिनी आतून विचारायची, "कोयना कृष्णेला कुठे मिळते?" आणि दोघं ओरडायची, "कऱ्हाडला!" मग मी घाबरून "हळू" म्हणायची. बाहेर मराठी ऐकू जाऊ नये असं कोणी सांगितलं नव्हतं, पण परकी भाषा ऐकून कोण काय समजेल, अशी भीती असायचीच.

धड्याच्या शेवटी मी दोघांना भिंतीशी उभं करून म्हणून घ्यायची, "आपलं गाव कोणतं, तालुका कोणता, जिल्हा कोणता, नदी कोणती." नंदू छाती पुढे काढून सगळं एका दमात म्हणायचा. त्याने गाव एकदाच पाहिलेलं, तेही पाळण्याच्या वयात. पण ऐकणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच नदीवरून अंघोळ करून आलाय.

घरात दुसराही एक धडा होता, तो दादाचा. कोणी काही विचारलं तर सांगायचं नाही. बाबा कुठे काम करतात, घर कुठलं, घरात कोण कोण, काही नाही. दाढी वाढलेले दोघे तिघे तरुण एकदा जिन्यापर्यंत येऊन वर कोण राहतं म्हणून विचारून गेले होते. साध्या वेशातले पोलीसही तसंच विचारायचे म्हणे. आणि त्यात मुलं पळवणाऱ्यांची आवई उठली होती. मासीमा डोळे मोठे करून सांगायच्या, "छेलेधोरा!" पोतं घेऊन हिंडतात, मुलं उचलतात. एका मोहल्ल्यात कुठल्याशा निरपराध म्हाताऱ्या भिकाऱ्याला लोकांनी त्या संशयावरून मारून टाकलं होतं. मुलं झोपल्यावरही त्यांच्या पायाला माझा हात लागलेला असेल अशा बेताने मी निजायची.

ते घडलं त्या दिवशी मासीमा बराकपूरला लेकीकडे गेल्या होत्या. दादा कचेरीत. अकराच्या सुमारास वहिनीच्या पोटात कळ आली. तिने चादर मुठीत धरली आणि म्हणाली, "डॉक्टरांच्या त्या गोळ्या संपल्यात ग. मोठ्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे. जाशील?"

मी एकटी त्या घराच्या दाराबाहेर कधी गेले नव्हते. देवीच्या पूजेला एकदा दादाबरोबर, तेही रिक्षात, पदर डोक्यावरून. पण वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. शोभाला तिच्या उशाशी बसवलं आणि नंदूला बरोबर घेतलं, कारण त्याला थोडं हिंदी येत होतं. दुकानात तो बोलेल, असा माझा विचार. आठ वर्षांच्या पोराच्या आडोशाने मी बाहेर पडले.

जाताना मी खुणा धरत गेले. हिरवी गच्ची. पाण्याचा हातपंप. तुटक्या पायऱ्यांचं घर. मग गल्ली वळली, अजून एक वळली, आणि एकदम मोठा रस्ता, इतका उजेड की माझे डोळे दिपले. औषधांचं दुकान दिसलं. नंदूने चिठ्ठी पुढे केली, गोळ्या मिळाल्या, त्या मी कमरेला खोचल्या. मला एवढा हलकेपणा वाटला की मी त्याला म्हटलं, "बघ, झालं की नाही?"

तेवढ्यात तो आवाज झाला. टायर नव्हे, अगदी कानाशी. मग दुसरा. आणि मग दोन्ही बाजूंनी दुकानांची लोखंडी दारं खाली पडायला लागली, खर्र-धडाम, खर्र-धडाम, तो आवाज बॉम्बपेक्षा वाईट होता. माणसं पळाली ती आमच्या अंगावरूनच पळाली. मला कोणीतरी एका जिन्याखाली ढकललं. नंदूचं मनगट माझ्या हातात होतं असं मला वाटत होतं. धूर खाली बसला तेव्हा पाहिलं, तर मी माझंच मनगट धरलं होतं.

रस्ता ओसाड झाला होता. चपला पडलेल्या, लिंबं घरंगळलेली. मी हाक मारली. पहिल्यांदा ती माझ्या घशातच राहिली. मग आली, आणि ती कुणा दुसऱ्याच बाईची असावी इतकी मोठी आली. "नंदू! नंदूss!" वरच्या खिडक्या बंद झाल्या. मी रस्त्याच्या एका टोकाला गेले, आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरले, अर्ध्या तासाने परत आले. खुणा शोधायला लागले तर पाण्याचे पंप दोन निघाले आणि तुटक्या पायऱ्यांची घरं तीन.

एका मिठाईच्या दुकानाचं दार हातभर वर उचललेलं दिसलं. आतून एक जाडजूड माणूस वाकून मला न्याहाळत होता. मी हाताने उंची दाखवली, "लडका... लडका..." म्हटलं.

"नीला शार्ट? रोता था?" तो म्हणाला.

मी मान हलवली.

"हमने बिठाया, रोशोगोल्ला दिया. पूछा, खोका, बेटा, बाड़ी कोथाय, घर किधर? बोलता है, सातारा. फिर बोलता है कृष्णा नदी. हम बोला, ये तो बोंबाई तरफ का बच्चा, गाड़ी से छूट गया. पुलिस का जीप आया, उसको दे दिया." मग माझ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "थाना से हावड़ा भेजेगा, दिदि. बोंबाई का गाड़ी में बिठा देगा. जल्दी जाओ."

मी तिथेच खाली बसले. मुंबईच्या गाडीत. मग मुंबईहून साताऱ्याच्या. मी त्याला डोळ्यांपुढे पाहिलं, नागपूरच्या फलाटावर, कुठल्याशा पोलिसाचं बोट धरून, छाती पुढे काढून आपला तालुका सांगताना. मी शिकवलेलं त्याने इतकं अचूक सांगितलं होतं की कोणाला शंकाच आली नाही.

ठाणं कुठे ते मिठाईवाल्याने बाहेर येऊन दाखवलं. त्या काळात लोक ठाण्यासमोरचा रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. दारात वाळूची पोती रचलेली, त्यांच्यामागे बंदूकवाला शिपाई. त्याने बंदुकीनेच मला थांबवलं. मला आठवतं, मी दोन्ही हात वर केले होते. एका हातात वहिनीच्या गोळ्यांची पुडी होती. ती कधी काढली ते आठवत नाही.

आत गेले तर नंदू एका बाकावर बसलेला, मांडीवर पानाचा रिकामा द्रोण. मला बघताच तो धावत आला आणि माझ्या पोटावर दोन्ही मुठींनी मारायला लागला. "कुठे होतीस तू? कुठे होतीस?"

टेबलामागचा अधिकारी चष्म्यावरून बघत होता. थकलेला माणूस, दाढीचे खुंट पांढरे. म्हणाला, "आप इसका माँ?"

"आत्या," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. "जो भी है, घर का पता बोलिए. आजकल हम ऐसे बच्चा नहीं छोड़ता. पब्लिक हमको मारेगा."

"इधर," मी म्हटलं.

"इधर किधर?"

मी भिंतीकडे हात केला. गल्लीला नाव असतं, हे मला समजत होतं. घराला नंबर असतो, हेही. पण ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दादाचं पत्र यायचं गावी तेव्हा वरचा इंग्रजी पत्ता तलाठीकाका वाचायचे. इथे आल्यावर मला पत्त्याचं काय काम? मी नुसती हात दाखवत राहिले.

"रास्ते का नाम? बाड़ी का नंबर? कुछ नहीं?" तो मागे टेकला. "तो आप भी सातारा से आया है?"

दोघे शिपाई हसले. नंदूही त्यांच्याबरोबर हसला, कारण सातारा शब्द त्याला ओळखीचा वाटला. मग माझा चेहरा बघून गप्प झाला.

तेव्हा काय झालं ते मला सांगता येत नाही. भीती गेली असं नाही. ती इतकी वाढली की तिच्यात लाजायला जागाच उरली नाही. मी टेबलाची कड धरली आणि म्हटलं, "मेरा भाई. वसंत पुराणिक. रेल का बड़ा ऑफिस. गार्डन रीच. हिसाब. फोन करो." आणि थांबून, "उसकी औरत बीमार है. ये दवा है. घर में अकेली है. फोन करो." त्याआधी परक्या पुरुषाशी मी एवढी वाक्यं बोलले नव्हते. बोलत असताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज बंद पडला नाही.

त्याने फोन उचलला. लागला नाही. पुन्हा फिरवला. मी आणि नंदू बाकावर बसून त्या काळ्या तबकडीकडे बघत राहिलो. मधेच एका जखमी पोराला आत आणलं, शर्ट रक्ताने चिकटलेला, वय माझ्याएवढंच. मी नंदूचं तोंड पदरात घेतलं. पदराआडून तो पुटपुटला, "आत्या, मी घर नाही सांगितलं. बाबांनी सांगितलंय ना, सांगायचं नाही. मी फक्त धडा सांगितला."

"शहाणा माझा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दादा आला तो पळत आल्यासारखा, सदऱ्याची बटणं सुटलेली. अधिकाऱ्याने त्याला पत्ता विचारला आणि दादाने तो घडाघडा, बंगालीत सांगितला. मी आणि नंदू त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एवढं छोटंसंच होतं ते. निघताना अधिकारी दादाला म्हणाला, "पुराणिकबाबू, सातारा बहुत अच्छा जगह होगा. लेकिन इनको थोड़ा कलकत्ता भी सिखाइए."

घरी आलो तर वहिनी जागच्या जागी होती, ओठ चावून रक्त आलेलं, आणि शोभा तिच्या पायाला धरून बसलेली. गोळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्या. पुढे वेळेवर सगळं नीट झालं, मुलगा झाला. पण त्या संध्याकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. दादा पलंगाशी खुर्ची घेऊन बसला होता आणि मी दारात. मेथी नव्हती, म्हणून हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"उद्यापासून पुस्तकं बंद," दादा म्हणाला. "मुलांनी नुसतं बसायचं. बाहेर कोणी जायचं नाही. तूही नाही."

"म्हणजे पुढच्या वेळीही कोणाला काही सांगता यायला नको?" वहिनी हळू बोलत होती, तिला जोरात बोलायला मनाई होती. "तुमची बदली होईल तेव्हा होईल. आज पोरगं हावड्याला निघालं होतं."

"पत्ता शिकवायचा म्हणतेस? आणि ती दाढीवाली पोरं पुन्हा आली म्हणजे? त्यांना म्हणेल या बसा."

"येतील तर येतील. त्यांना आपलं घर माहीतच आहे. माहीत नाही ते आपल्यालाच."

मग वहिनीने मच्छरदाणी बाजूला केली आणि मला जवळ बोलावलं. "काय शिकवायचं ते आता तू ठरव."

"मी?" ठाण्यापेक्षा मला त्या क्षणी जास्त भीती वाटली असेल. "वहिनी, मी चौथी शिकलेय."

"आज ठाण्यात गेली ती चौथी शिकलेलीच गेली ना?" ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दादा उठून खिडकीपाशी गेला, सुतळी तपासली, आणि पाठमोराच म्हणाला, "जे करशील ते हळू आवाजात कर."

रात्रभर मी विचार केला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मी दमून झोपले. सकाळी उठले तेव्हा काय करायचं ते माहीत होतं, आणि ते करू नये असं सगळं अंग सांगत होतं. मासीमा पहाटेच्या गाडीने परत आल्या होत्या. मी दोन्ही मुलांना हाताला धरून जिना उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं दार मीच वाजवलं. त्या दारात आल्या, तोंडात दातवण. मी हिंदीत म्हटलं, "मासीमा, हमको पढ़ाओ."

"किसको?"

"इनको. और हमको."

त्यांनी दातवण काढलं, आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. काय झालं ते त्यांना बहुधा कळलेलं होतं. त्यांनी आम्हाला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं, मुरमुऱ्यांत तेल-मिरची कालवून वाडगा पुढे ठेवला आणि रस्त्याचं दार सताड उघडलं. मी उठून ते लोटायला गेले, तर म्हणाल्या, "ना. खोला थाक." उघडंच राहू दे.

मग त्यांनी समोरच्या भिंतीवरची निळी पाटी दाखवली. ती तिथे होती, रोज होती. मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी एकेक अक्षर बोटाने दाखवून म्हटलं, आणि नंदूने म्हटलं, शोभाने म्हटलं. सतेरो नंबर, नीलकमल लेन, दोतला. सतरा नंबर, दुसरा मजला म्हणजे आपल्याकडचा पहिला. नंदूने सवयीने छाती पुढे काढली. मासीमा हसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"आर तुमि? तोमार बाड़ी कोथाय?"

मुलं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोलिसांच्या गाडीचा घरघराट आला. जाळीची ती काळी गाडी, दोन्ही भिंतींना घासत यावी इतकी मोठी. नंदूने पटकन ओठांवर बोट ठेवलं. शोभा माझ्या कुशीत शिरली. वरून वहिनीचा पलंग करकरला. माझं अंग आपोआप दाराआड व्हायला निघालं होतं.

मासीमा जागच्या हलल्या नाहीत. भाच्याच्या आठवणीने त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते त्याच जाणोत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा विचारलं, "कोथाय?"

"सतेरो नंबर," मी म्हटलं. मलाच ऐकू आलं नाही.

"जोरे."

गाडी दारासमोर आली होती. आतल्या शिपायांचे चेहरे जाळीतून दिसत होते, तेही आमच्याकडे बघत होते, आणि माझ्याएवढेच घाबरलेले वाटत होते. "सतेरो नंबर, नीलकमल लेन, दोतला," मी त्या घरघराटाच्या वर म्हटलं, आणि नंदूने ओठांवरचं बोट काढून माझ्याबरोबर म्हटलं. गाडी पुढे गेली तरी आम्ही म्हणतच होतो.